कल्याणीबाईंचं मौन

‘सर्व भगिनींसाठी खुला’ ही शिवणवर्गाची पाटी महिला मंडळाच्या अध्यक्षा कल्याणीबाईंनी स्वतः रंगवली होती, आणि आपल्या नम्रतेचा त्यांना फार अभिमान असल्यामुळे खाली नाव घातलं नव्हतं. पाटी लावली माडीवर. अरुंद लाकडी जिना चढल्याशिवाय ती दिसत नसे. त्यामुळे पायाने अधू असलेल्या शेवंताबाईला, आपल्यालाही बोलावलंय, हे कधी कळलंच नाही.

मच्छे गावच्या तानीबाईला मात्र कळलं. टायफॉईडमध्ये तिचे कान गेले होते, आवाज शाबूत होता, नव्हे, दुप्पट झाला होता. समोरच्याचे ओठ आणि हातवारे बघून ती अंदाजाने समजून घेई.

“आक्का, मला बी शिकवा की,” तिने जिन्यातूनच हाक दिली.

कल्याणीबाई देवाशी बोलावं तशा हळू बोलत. “शिकवणाऱ्या बाई तोंडाने सांगतात, तानीबाई. तुझ्यासाठी वेगळी सोय हवी, वेगळं माणूस हवं. पुढच्या वर्षी नियोजन करू.”

“हळू बोलला तर मला कळत न्हाय, मोठ्यानं बोलला तरी कळत न्हाय. पर न्हाय म्हणताय, येवढं कळलं,” म्हणून तानीबाई गेली.

ते आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष होतं. वर्ग खरोखर सर्वांसाठी असेल तर मंडळाला शिलाई मशीन देऊ, असं सांगून धारवाडच्या सरकारी खात्यातल्या मोठ्या बाई शनिवारी पाहणीला येणार होत्या. कल्याणीबाईंनी भाषण पाठ केलं. शनिवारी बाईंची जीप बिघडली आणि त्या आल्या सोमवारी. श्रावणातल्या सोमवारी.

श्रावणी सोमवारी कल्याणीबाई उपास सोडेपर्यंत मौन पाळत. आदल्या वर्षी त्या दिवसभर पाटीपेन्सिल घेऊन हिंडल्या होत्या, तेव्हा यजमान रघुवीरराव म्हणाले होते, “एरवी एवढं बोलत नाहीस.” म्हणून यंदा लिहिणंही बंद.

मोठ्या बाईंनी माडीवर येऊन नमस्कार केला आणि विचारलं, “वर्गात कोण कोण येतात?” कल्याणीबाईंनी ओठांवर बोट ठेवलं आणि खिडकीतून सूर्याकडे दाखवलं.

“यांची दाढ दुखतीय वाटतं,” चिटणीस नीला घाबरून भलतंच म्हणाली. अध्यक्षा समोर असताना आपल्याला बोलावं लागेल, असं तिला कधी वाटलंच नव्हतं.

“सोमवारचं मौन हाय,” दारातून गडगडाट झाला. “दिवेलागणीला सोडत्यात. मी सांगते की, काय म्हणत्यात ते.” जीप बघून तानीबाई आली होती.

कल्याणीबाईंनी सुटकेने दोन्ही हात पसरले.

“समद्या बायांना हितं जागा हाय, म्हणत्यात.”

अगदी बरोबर. कल्याणीबाईंनी मान डोलावली. इतकं नेमकं तर रघुवीररावांनाही कधी कळलं नव्हतं.

“मग तुम्हालाही घेतलंय?” मोठ्या बाईंनी तानीबाईकडे बोट दाखवून विचारलं.

कल्याणीबाईंनी घाईघाईने दोन्ही हात हलवले.

“आता उशीर नगं, म्हणत्यात. उद्यापास्नंच बस म्हणत्यात. मास्तरीणबाई हातानं दावणार.”

कल्याणीबाईंचे डोळे मोठे झाले. त्यांनी नीलाकडे पाहिलं.

“आन् पायानं अधू शेवंता वर कशी चढंल? तवा नीलाबाईनं खालच्या खोलीतलं पापडाचं सामान वर आणावं, वर्ग खाली न्यावा, आसं डोळ्यानं सांगत्यात.”

नीला खरोखरच पापडाचे डबे आणायला धावली.

कल्याणीबाईंचे ओठ उघडले. एक शब्द पुरे होता. पण तिसरा सोमवार होता, आणि महादेव की तानीबाई, कुणाला दुखवायचं हे ठरवायलाही वेळ नव्हता. त्यांनी कपाळाला हात लावला.

“समदं देवाच्या दयेनं झालं, म्हणत्यात.”

मोठ्या बाई भारावल्या. मशीन देऊ, महिन्याने वर्ग बघायला पुन्हा येऊ, असं सांगून त्या गेल्या.

उरलेली सगळी दुपार कल्याणीबाईंनी मनातल्या मनात तानीबाईला झापलं. इतकं कडक भाषण त्यांनी जन्मात रचलं नव्हतं. संध्याकाळी दिवा लावला, नैवेद्य दाखवला, पहिला घास घेतला आणि मौन सुटताच त्या ओसरीवर आल्या. पायरीवर तानीबाई बसली होती आणि फाटकाशी काठी टेकून शेवंताबाई.

“तानीबाई, मी यातलं एक अक्षरसुद्धा म्हटलं नव्हतं.”

“अंधार पडलाय, आक्का. व्हट दिसंनात. दुपारगत हातानं सांगा.”

कल्याणीबाईंनी हात वर केले. झापणं हाताने कसं सांगतात, ते त्यांना येईना. दिवसभरात आपलं म्हणणं समजलेली ही एकच बाई, आणि तिलाच आपण पुढच्या वर्षी ये म्हटलं होतं. त्यांनी बोटं जुळवून तोंडाशी नेली. जेवलीस का?

तानीबाई फाटकाकडे वळली. “शेवंते, उद्या धा वाजता ये, म्हणत्यात.”

मग कल्याणीबाईंकडे बघून, तिला जमेल तेवढ्या हळू आवाजात म्हणाली, “न्हाय जेवलो. दोघींचं वाढा.”