डॉक्टरांचे पक्के सुळे

दाताच्या डॉक्टरांशी वाद घालून कुणी जिंकल्याचं ऐकिवात नाही, आणि त्याचं श्रेय डॉक्टरांच्या बुद्धीला द्यायचं कारण नाही. तोंडात आरसा, नळी आणि कापसाचे बोळे असताना वाद घालणार कोण? आमचे हे डॉक्टर पाऊसपाणी, निवडणुका, आजकालची पिढी, कशावरही मत द्यायचे ते खुर्चीत आडव्या झालेल्या माणसाच्या उघड्या तोंडात बघत. खालून "आँ" आला की तो होकार. तोच जरा लांबला की जोरदार होकार. बिचारा माणूस दुखतंय म्हणून सांगत असायचा.

घरी माणसं तोंड मिटून बसतात आणि त्यांना वाटलं तरच उघडतात, ही गोष्ट डॉक्टरांच्या ध्यानात राहायची नाही. बायकोनं त्यावर तोडगा काढला होता. ती सगळं ऐकून घ्यायची आणि मग स्वतःला हवं तेच करायची. मुलीला अजून ती युक्ती साधली नव्हती. ती बोलायला जायची, मधेच तिचं बोलणं तोडलं जायचं आणि ती खोलीत निघून जायची.

ही मुलगी एकुलती एक. दाताच्या कॉलेजात तिसरं वर्ष पार करून सुट्टीला घरी आलेली. एक दिवस ती आपण होऊन म्हणाली, "बाबा, माझ्याबरोबर सिनेमाला येता? आपण दोघंच." डॉक्टर हरखले. सिनेमा कुठला हेसुद्धा त्यांनी विचारलं नाही.

सिनेमा होता व्हॅम्पायर विरुद्ध लांडगामाणसांचा. एका बाजूला रक्त पिणारी, पण अत्यंत टापटीप घराणी. दुसऱ्या बाजूला गॅरेजात राहणारे, दाढ्या वाढलेले, चिडले की लांडगे होणारे लोक. मधे एक तरणीताठी व्हॅम्पायर बाई, पायघोळ राखी कोट घालून गच्चीवरून गच्चीवर उड्या मारणारी. शेवटी ती घराण्याला रामराम ठोकून एकटीच निघून जाते. मुलीनं सिनेमा निम्मा बघितला आणि निम्मा वेळ बाबांच्या तोंडाकडे बघितलं.

बाहेर आल्यावर तिनं हळूच विचारलं, "कसा वाटला?"

त्या प्रश्नामागे दुसरा प्रश्न उभा होता, हे रस्त्यावरच्या कुणालाही कळलं असतं. डॉक्टर म्हणाले, "सुळे साफ चुकलेत."

"काय?"

"अगं, एवढे लांब सुळे असले तर तोंड मिटणार कसं? खालचा ओठ फाटेल. ती बाई शिट्टी काय वाजवते, चुंबन काय घेते. शक्यच नाही." मग ते घर येईपर्यंत सुळ्यांची मुळं, जबड्याची ठेवण आणि वरच्या-खालच्या दातांचा मेळ यांवर बोलत राहिले. मुलगी गाडी चालवत होती, कारण डॉक्टर गाडी कधी शिकलेच नाहीत. शिकवणाऱ्यालाच ते शिकवायला बघायचे. घरी पोचल्यावर तिनं किल्ली टेबलावर ठेवली आणि ती जी गप्प झाली ती झालीच.

त्यानंतर घरातला सगळा कारभार आईमार्फत सुरू झाला. "आई, बाबांना सांग आंघोळीचं पाणी तापलंय." "अगं, तिला विचार चहा घेणार का." डॉक्टर शेजारच्या खुर्चीत, मुलगी समोरच्या, आणि मधे आई. शेवटी आई वैतागली. "मी काय पोस्ट खातं काढलंय? तुमचं तुम्ही बघा. सोमवारी ती कॉलेजला जाईल, मग बसा भिंतीशी बोलत."

ते सोमवारचं डॉक्टरांना लागलं. ती अशीच गेली तर पुढच्या सुट्टीपर्यंत फोनवर "हं" आणि "बरं" एवढंच, हे त्यांना दिसत होतं. रात्री त्यांना नीट झोप येईना. आपलं काय चुकलं, ते मात्र कळेना. सुळे तर खरोखरच चुकले होते.

मग त्यांनी लोकांची मतं घ्यायचं ठरवलं. म्हणजे, घ्यायचं असं त्यांना वाटत होतं. त्या आठवड्यात जो खुर्चीत आडवा झाला त्याला पहिला प्रश्न सिनेमाचा, आणि उत्तर यायच्या आत तोंडात नळी. तरी चूळ भरताना लोकांनी काय सांगायचं ते सांगितलंच. वायरमन म्हणाला, "एवढा मोठा वाडा, पैशाला तोटा नाही, आणि प्रत्येक खोलीत एकच मिणमिणता दिवा. वायरिंग कुणाकडून करून घेतलं देव जाणे." व्यायामशाळेतला मास्तर लांडग्यांच्या बाजूचा निघाला, व्हॅम्पायर लोकांचे दंड काडीसारखे आहेत म्हणाला. शिंप्याला डॉक्टरांनी सुळ्यांबद्दल खोदून विचारलं, तर तो चूळ थुंकून म्हणाला, "सुळे? डॉक्टर, त्या कोटावरून नजर हटली तर सुळे दिसणार ना. काय बेतलाय हो."

"लोकांना बघताच येत नाही," डॉक्टर काउंटरवरच्या ताईंना म्हणाले. "जो तो आपापलं दुकान घेऊन सिनेमाला जातो."

"खरंय," ताई म्हणाल्या, आणि त्यांनी डॉक्टरांकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. डॉक्टरांना त्यात काही दिसलं नाही.

शनिवारी दुपारी त्यांना एकदम कल्पना सुचली. मुलीला तो सिनेमा आवडलाय ना? मग तिला आपण सुळे करून द्यायचे. सिनेमातल्यासारखे ढोबळ नव्हेत, शास्त्रशुद्ध. ओठ न फाडणारे. तिला कळेल की बापानं सिनेमा मनावर घेतलाय. शिवाय तिच्याच विषयातली वस्तू, पुढे अभ्यासालाही उपयोगी. माणूस चांगल्या मनानं किती चुकीच्या दिशेला जाऊ शकतो, याला काही मर्यादा नाही.

त्यांनी स्वतःच्याच दातांचा साचा घेतला, मेण कोरलं, आणि सुळ्यांवर टोपीसारखे चढतील असे दोन पांढरेशुभ्र टोकदार दात तयार केले. काम खरोखर सुरेख झालं. आता ते घालून तोंड मिटतं का, एवढंच बघायचं राहिलं. नुसते चढवले की ते सटकत होते, म्हणून जरासं सिमेंट लावायचं ठरलं. दाताच्या दवाखान्यात दोन तऱ्हेचं सिमेंट असतं. कच्चं, जे चिमट्यानं निघतं; आणि पक्कं, जे निघत नाही.

"ताई, सिमेंट कालवा," डॉक्टर आरशासमोरून म्हणाले.

"कच्चं की पक्कं?"

"हो. आणि बघा, त्या शिंप्याला सांगायला हवं होतं मी, की कोट काय कुणीही—"

"डॉक्टर, कच्चं की पक्कं?"

"हो हो, कालवा लवकर."

ताईंनी खांदे उडवले. सकाळपासून दातांवर कायमच्या कॅपाच बसवणं चाललं होतं, म्हणून त्यांनी तेच कालवलं जे सकाळपासून लागत होतं. डॉक्टरांनी सुळे चढवले, दाबून धरले, आरशात पाहिलं. रुबाबदार दिसत होते. मग त्यांनी तोंड मिटलं आणि उजवा सुळा कच्चकन खालच्या ओठात रुतला. डावीकडे तोंड फिरवलं, तर डावा रुतला. शास्त्रशुद्ध सुळेसुद्धा ओठ फाडतात, हे त्यांना स्वतःच्याच ओठानं पटवलं. ते सुळे काढायला गेले आणि सुळे हलेनात.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. स्वतःच्या तोंडात स्वतः ड्रिल चालवता येत नाही; आरशात सगळं उलटं दिसतं. ताईंना तो अधिकार नव्हता. आणि बाहेर बाकावर निवृत्त मुख्याध्यापिका बाई येऊन बसल्या होत्या. त्यांना उठवून परत पाठवणं अख्ख्या गावात कुणाला जमलं नव्हतं.

डॉक्टरांनी तोंडाला मास्क लावला आणि त्यांना आत घेतलं. दाढ साफ करायला घेतली, पण आज वर आवाज नाही, हे बाईंच्या लगेच लक्षात आलं. पहिल्याच चुळीला त्या बोलायला लागल्या. डॉक्टर काही बोलत नाहीत म्हटल्यावर बोलतच राहिल्या. गुडघा झाला, सून झाली, मग म्हणाल्या, "तुम्ही सगळ्यांना विचारताय म्हणे, तर सांगते. नातवानं दाखवला मला तो सिनेमा. मारामाऱ्या छान आहेत, कपडे छान आहेत. पण त्या लोकांत कुणी कुणाला काही विचारतच नाही हो. जो तो आपलं सांगतो, आणि मग गोळ्या झाडतो. एकदा बसून ऐकलं असतं तर सिनेमा अर्ध्या तासात संपला असता."

डॉक्टरांना यावर पुष्कळ बोलायचं होतं. त्यांनी तोंड उघडलं, सुळा लागला, तोंड मिटलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. बाई जाताना काउंटरवर सांगून गेल्या, "आज फार बरं वाटलं. इतकी वर्षं येतेय, पण डॉक्टरांनी आज पहिल्यांदा माझं ऐकून घेतलं."

ताईंनी डॉक्टरांच्या बायकोला ऑफिसात फोन लावला. "वहिनी, डॉक्टरांच्या तोंडात व्हॅम्पायरचे दात अडकलेत."

"कुणाचे?"

"त्यांनीच केलेले. पक्के बसलेत. पुलापलीकडच्या नव्या डॉक्टरांकडे न्यावं लागेल."

"मला ऑफिसातून निघता यायचं नाही," बायको म्हणाली. "पोरीला पाठवते."

पुलापलीकडचा नवा डॉक्टर म्हणजे ज्याच्या दवाखान्यात दातांपेक्षा सोफे जास्त आहेत असं डॉक्टर सगळीकडे सांगत आले होते, तो. पण अडला हरी. ते मास्क लावून गाडीत जाऊन बसले. मुलीनं समोर बघत म्हटलं, "बघू." इतक्या दिवसांत आईला मधे न घालता आलेला हा पहिला शब्द. डॉक्टरांनी मास्क खाली केला.

ती बघत राहिली. "हे तुम्ही केलेत?"

मान हलली.

"कशासाठी?"

डॉक्टरांनी तिच्याकडे बोट केलं.

"माझ्यासाठी?"

मान पुन्हा हलली. आणि मग ती हसायला लागली. सिग्नलपर्यंत कशीबशी आवरली, पुढे आवरेना, म्हणून तिनं गाडी बाजूला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते हसण्याचंच होतं की आणखी कशाचं, ते डॉक्टरांना कळेना, आणि विचारायची सोय नव्हती.

तिनं डोळे पुसले. "तुम्हाला बोलता येत नाहीये ना? नक्की?"

डॉक्टरांनी नाही म्हणून मान हलवली.

"मग ऐका. बाबा, सोमवारी मी जाणार नाहीये. मला ते कॉलेज सोडायचंय."

डॉक्टर ताडकन सरळ झाले. "का—" एवढंच फुटलं आणि ओठाला रक्त आलं. तिनं गाडीतल्या डब्यातून कागदी रुमाल काढून दिला आणि गाडी सुरू केली. बाबांकडे बघत हे बोलणं तिला जमलं नसतं. रस्त्याकडे बघत जमत होतं.

"सिनेमात तुम्ही सुळे बघत होतात ना, मी कोट बघत होते. ती गच्चीवरून पडते तेव्हा आधी कोट खाली येतो, मग ती. कापड असं आपोआप पडत नाही. कुणीतरी विचार करून घेराच्या आत वजन शिवलंय. मला ते शिकायचंय. सिनेमातले कपडे करायला. त्या दिवशी तेच सांगायला तुम्हाला घेऊन गेले होते. म्हटलं, एकदा तुम्ही तो कोट बघा, मग सांगणं सोपं जाईल." तिनं गिअर बदलला. "कॉलेजात मी पेशंटच्या तोंडात बघते आणि मला त्यांच्या कॉलरी दिसतात. शिवण बरोबर नाही, असं मनात येतं. असली डॉक्टर कुणाला हवीय? पण तुम्हाला सांगायला आलं की तुमचं काहीतरी चालू असतं. तुम्ही रागावत नाही कधी, बाबा. रागावला असतात तर भांडले तरी असते. तुम्ही नुसते बोलत असता."

डॉक्टरांच्या मनात उत्तरं रांगेत उभी होती. स्थिर धंदा, तयार दवाखाना, नवी खुर्ची तिच्यासाठीच घेतलेली, लोक काय म्हणतील. एकेक उत्तर पुढे यायचं, सुळ्यापाशी अडायचं आणि मागे फिरायचं. तेवढ्यात तिचं पुढचं वाक्य यायचं, आणि पाहतात तर आधीचं उत्तर आता त्याला लागू पडत नसायचं. असं त्यांचं कधी झालं नव्हतं. ती घाबरली की भरभर बोलते, हे त्यांना आज कळलं. ती किती दिवस घाबरलेली होती, तेही कळलं. त्यांना स्वतःची लाज वाटली. आणि ती हे सगळं आपल्यालाच सांगतेय याचं खोल कुठेतरी बरंही वाटलं.

पूल संपला. काचेचं दार, आत सोफे, आणि दारात नव्या डॉक्टरांची मदतनीस वाट बघत उभी होती. मुलीनं गाडी लावली. बोलणं जिथल्या तिथे थांबलं आणि तिचा चेहरा पुन्हा तसा झाला, घरात असायचा तसा मिटलेला.

"चला," ती म्हणाली. "काढले की बोला काय बोलायचं ते. मी ऐकेन."

डॉक्टरांचा हात दाराच्या कडीवर गेला. ओठ सुजला होता, सुळा ठणकत होता. आत गेलं की सुटका आहे, हे त्यांना ठाऊक होतं. सुटलेल्या तोंडातून पहिलं काय बाहेर पडेल, तेही त्यांना चांगलंच ठाऊक होतं.

त्यांनी हात मागे घेतला. सीटचा सोडलेला पट्टा पुन्हा ओढून लावला, आणि बोटानं हवेत एक मोठा गोल काढून पुलाकडे खूण केली.

"अजून एक चक्कर?" मुलीनं विचारलं.

दारातली मदतनीस हात हलवत होती. डॉक्टरांनी खिडकीची काच वर केली आणि मुलीकडे तोंड करून नीट बसले.