सहा उकडलेली, सहा कच्ची

"आई, यातली उकडलेली कुठली?"

"सहा उकडलेली, सहा कच्ची," सासूबाई ओट्यापासून न वळता म्हणाल्या. "कालच उकडून ठेवली. म्हटलं, मुलाखतीच्या दिवशी सकाळी घाई नको."

"पण एकाच ट्रेमध्ये?"

"मग काय, त्यांना वेगवेगळ्या खोल्या देऊ?"

जावई ट्रेकडे बघत राहिला. बाराही पांढरी, बाराही गप्प. तो विमा कंपनीत जोखीम मोजायचा. कुणाची गाडी ठोकली जाईल, कुणाच्या दुकानाला आग लागेल, हे तो घरबसल्या आकड्यात सांगायचा. आज दहा वाजता खातेप्रमुखाच्या जागेसाठी मुलाखत होती. त्या खुर्चीवर त्याचा कधीचा डोळा होता, आणि आजच्या दिवसासाठी ठेवलेला एकमेव कडक इस्त्रीचा शर्ट अंगावर होता.

*पहिलं*

"भाऊजी, टेबलावर फिरवून बघा," मेहुणी म्हणाली. "गरगर फिरलं की उकडलेलं."

त्याने फिरवलं. टेबलाचा एक पाय आखूड होता हे घरात सगळ्यांना माहीत होतं, अंड्याला नव्हतं. ते उतारावरून निघालं आणि फरशीवर पसरलं.

"कच्चं," मेहुणीने निकाल दिला.

"हरकत नाही. आता अकरात सहा उकडलेली. म्हणजे निम्म्याहून जास्त शक्यता आपल्या बाजूने. फिरवाफिरवी बंद. आता हिशेबाने जायचं."

कोपऱ्यात सासऱ्यांचं वर्तमानपत्र सळसळलं. ते नुकतेच सकाळचा फेरफटका मारून आले होते. डॉक्टरांनी अंडी बंद केल्यापासून नाश्त्याच्या वेळी ते वर्तमानपत्र जरा उंचच धरत.

*दुसरं*

वाडग्याच्या काठावर फोडलं. कच्चं.

*तिसरं*

दुसऱ्यासारखंच.

"अरे, ऑम्लेट करते," बायको म्हणाली. "खा आणि निघ."

"प्रश्न पोटाचा नाही. आता नवात सहा उकडलेली आहेत. दर अंड्यागणिक शक्यता वाढतेय, दिसतंय ना तुला?"

"मला वाडगा भरताना दिसतोय."

*चौथं, पाचवं*

चौथं फोडताना त्याने मान ताठ केली. पाचवं फोडताना बाह्या सरसावल्या. दोन्ही कच्ची.

"चालू द्या, जावईबापू," वर्तमानपत्राआडून आवाज आला. "शास्त्र आहे."

"बाबांना कळतंय बघ," जावई बायकोला म्हणाला.

*सहावं*

"सातात सहा उकडलेली, एकच कच्चं. आता कच्चं लागायला माणूस फारच करंटा हवा." त्याने फोडलं.

तेही कच्चं. वाडग्यात पाच पिवळे बलक एकमेकांना टेकून बसले होते.

"भाऊजी," मेहुणी हळूच म्हणाली, "ओळीने कच्चीच निघतायत. कुठेतरी पाणी मुरतंय असं नाही वाटत?"

"पाणी कसलं मुरतंय? याला दुर्मीळ घटना म्हणतात." त्याने बोटांवर हिशेब केला आणि त्याचा चेहरा उजळला. "नऊशे चोवीसात एकदा असं होतं. ते आज आपल्या घरात झालं. लोक आयुष्यभर वाट बघतात."

"अंड्यांची?"

"हस तू. पण आता काय उरलं? सहा कच्ची संपली. राहिली सहा, आणि सहाच्या सहा उकडलेली. आता शक्यता वगैरे काही नाही, खात्री." त्याने ट्रेमधून एक उचललं. "इतकी खात्री, की हे मी कपाळावर फोडतो."

"अरे, शर्ट..." बायको म्हणाली.

"खात्रीला शर्टाचं भय नसतं."

*सातवं*

कपाळावरून नाकावर, नाकावरून कॉलरवर, कॉलरवरून खिशावर.

*अंडं नसलेला भाग*

दुसरा शर्ट धुवायला टाकलेला होता. ओल्या फडक्याने पुसल्यावर डाग नुसता मोठा झाला. तेव्हा सासूबाईंना खुंटीवरचा सासऱ्यांचा कोट दिसला.

"हा घाला. गळ्यापर्यंत बटणं लावली की आत काय आहे ते देवालाही दिसायचं नाही."

वर्तमानपत्र प्रथमच खाली आलं. "कोट नको," सासरे घाईने म्हणाले. "उकडेल त्यांना. माझा सदरा देतो ना."

"तुमच्या सदऱ्यात त्यांच्यासारखे दोन मावतील. द्या तो इकडे."

"अगं, पण कोटाला..."

"काय कोटाला?"

सासऱ्यांनी सासूबाईंकडे पाहिलं आणि वर्तमानपत्र पुन्हा उंच धरलं.

*मुलाखत*

टेबलापलीकडे दोन साहेब आणि मध्ये मोठ्या बाई. बाईंनी त्याच्या कोटाकडे पाहिलं, बाहेरच्या उन्हाकडे पाहिलं आणि विचारलं, "समजा, अगदी अशक्य वाटणारी गोष्ट घडली. जोखीम मोजणाऱ्या माणसाने काय करावं?"

त्याला प्रश्न घरचाच वाटला. त्याने सकाळची हकिकत रंगवून सांगितली. सातवं अंडं तेवढं गाळलं. "नऊशे चोवीसात एक, बाई. अशा वेळी माणसाने डगमगू नये. हिशेबावर विश्वास ठेवून पुढे जावं."

"पुढे गेलात?"

"हो." घाम पापण्यांवर उतरला होता. त्याने रुमालासाठी कोटाच्या खिशात हात घातला, आणि रुमालाऐवजी मूठभर टरफलं टेबलावर आली.

एक तुकडा घरंगळत बाईंच्या चष्म्याच्या डबीपाशी थांबला. जावयाने तो उचलला. आत पातळ पापुद्रा होता आणि पापुद्र्याला चिकटलेला पांढरा, घट्ट कण. कच्च्या अंड्याचं टरफल असं नसतं. त्याने दुसरा खिसा चाचपला. तोही भरलेला होता.

डोळ्यांपुढे उंच धरलेलं वर्तमानपत्र आलं. "चालू द्या, जावईबापू" आठवलं. शास्त्र.

"बाई," तो म्हणाला, "उत्तर बदललं तर चालेल?"

"बदला."

"हिशेब बरोबर होता. अंडीच ती नव्हती. इतकं विचित्र काही घडायला लागलं, की माणसाने आकडेमोड थांबवावी आणि आधी सासऱ्यांना विचारावं."

एका साहेबांना खोकला आला. बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "खात्यात इतकी माणसं आहेत," त्या म्हणाल्या, "पण गृहीत धरलेलं तपासायचं कुणाला सुचत नाही. तुम्हाला सुचलं, उशिरा का होईना." मग त्याच्या घामाकडे बघून, "कोट काढलात तरी चालेल."

"नको, बाई. आत सातवं अंडं आहे."

*उरलेली पाच*

दारातच सासऱ्यांनी कोट हातात घेतला. त्यांची बोटं आधी खिशात गेली. खिसे रिकामे होते.

"मिळाली जागा?" त्यांनी खालच्या आवाजात विचारलं.

"मिळाली." जावयानेही आवाज खालीच ठेवला. "सहाच्या सहा, बाबा?"

"काल रात्री खाल्ली तेव्हा कोमट होती हो. हाताला कळत होती कुठली ते."

"आणि बदली कच्ची?"

"फेरफटका काय मी उगाच मारतो? घरातल्या केरात टरफलं टाकायची सोय नाही, ही केर तपासते. बाहेर फेकणार होतो. पिशवीतली अंडी सांभाळण्याच्या नादात राहून गेलं." त्यांनी स्वयंपाकघराकडे नजर टाकली. "तुम्ही... कुणाला बोलणार नाही ना?"

"तिकडे तीन माणसांपुढे बोललोय. इकडे नाही बोलणार."

तेवढ्यात आतून सासूबाईंचा आवाज आला. "अहो, सकाळची ती पाचही कच्चीच निघाली. काय मेलं गौडबंगाल आहे कुणास ठाऊक. नवा ट्रे आणलाय. उद्यासाठी किती उकडू, सहाच ना?"

"बारा," दोघंही एकदम म्हणाले.