अर्धा इंच आखूड बाही

विमलमावशींच्या मासिकात दर महिन्याला एक चूक ठरलेली. ड्रेस बेतायच्या पेपर कटिंगच्या पानावर बाही तरी अर्धा इंच आखूड, नाहीतर मुंढा तरी घट्ट. वीस वर्षं बारामतीत कॉलेजच्या मुलींसाठी 'नखरा' हे फॅशनचं मासिक काढणाऱ्या बाईंना साधं माप जमू नये, याची मला लाज वाटायची. मी त्यांची शेजारीण, आणि प्रुफं फुकट तपासणारी. चूक दाखवली की म्हणायच्या, "असू दे. पोरी बगून घेतील."

पोरी बघून घ्यायच्याच. काटेवाडीहून, निरवांगीहून तणतणत यायच्या आणि फसलेला ड्रेस मावशींपुढे टाकायच्या. मावशी आधी चहा टाकायच्या. मग उसवता उसवता कॉलेजात सध्या काय चाललंय ते सगळं काढून घ्यायच्या. पुढचा अंक त्यावरच निघायचा.

काळाबरोबर त्या बदलल्या, हे कबूल करायला हवं. पटियाला गेला, लेगिंग्ज आल्या, त्यांनी छापल्या. फाटकी जीन्स तेवढी जड गेली. फोटोसाठी आणलेली जीन्स त्यांनी फोटोआधीच सुबक रफू करून ठेवली होती.

पुढे अंक कोणी विकत घेईना. सत्तरीला टेकलेल्या मावशींनी 'नखरा' फोनवर नेला. व्हिडिओ मी काढते. पहिल्याच व्हिडिओत त्यांनी बाही आखूड कापली.

तासाभरात एका मुलीनं खाली लिहिलं, बाही अर्धा इंच वाढवा. बाकीच्यांनी तिला बदाम पाठवले. सगळ्यांचे ड्रेस झकास बसले. मी खुशीत ते वाचून दाखवलं.

"म्हंजी आता कुणीच येणार न्हाय?" मावशींनी विचारलं.

मी फोन खाली ठेवला.

"चूक नसती तर इतक्या लांबनं कोण आलं असतं गं माझ्याकडं?"

मावशींना मागेपुढे कोणी नाही, हे मला माहीत होतं. तरी वीस वर्षं मी त्या पानावर लाल पेनानं खुणा करत बसले होते. फार वाईट वाटलं.

रविवारी मी माझा एक कुडता घेऊन गेले. बाही घट्ट होते म्हणाले. मावशींनी टेप लावली, पुन्हा एकदा लावली. बाही अगदी मापात होती, ते दोघींनाही दिसत होतं.

"व्हय, चुकलीच हाय," मावशी म्हणाल्या. "बस जरा. उसवायला येळ लागंल."

आणि चहा टाकायला उठल्या.