सिदोजी ताशेवाले यांनी लेकीस हेडफोन निवडिले, त्याची हकीकत

श्रीनादस्वामी साक्ष. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, कार्तिक मास, ते समयी जे घडले ते पदरचे न घालिता लिहिले आहे. एक राज्य होते. तीन मजले, चोवीस बिऱ्हाडे, एक जिना, इतकाच मुलूख, परंतु हुकूम मोठे. तेथे तळमजल्यास सिदोजी ताशेवाले राहात होते. यांनी तीस वर्षे वराती गाजविल्या आणि त्या गर्जनेत दोन्ही कान पार गमाविले. पुढे दाराशी तोफ उडाली तरी खबर नाही, ऐसे जाहले. कन्या सगुणाबाई, वय वर्षे सोळा, हाती उपजत लय. ती ताशा वाजवू लागली म्हणजे सिदोजी ताशाचे कडेस तळहात लावून बसत आणि कंपावरून काय वाजले, कोठे चुकले, ते सांगत. लेकीचे वाजविणे त्यांस इतकेच पोचत होते आणि तेवढ्यावर ते सुखी होते. मग राज्याचे चिटणीस यांनी फर्मान डकविले की, इमारतीत वाद्य वाजवू नये. चिटणीस स्वतः जिन्यात उभे राहून फोनवर ओरडत, ते वाद्यात मोजत नसत. तेव्हा सगुणाबाईचे मामांनी विजेचे ड्रम आणून दिले. त्यांस रबराची तोंडे, काठीची टपटप तेवढी बाहेर, बाकी सारा नाद तारेतून हेडफोनात. सिदोजींनी रबरावर हात ठेविला, तो काठीचा धक्का लागे, नाद लागेना. बहुत वाईट वाटले.

मग हेडफोन घेणे प्राप्त जाहले आणि उभयता बापूशेट यांचे वाद्यांचे दुकानी गेली. तेथे ड्रम मांडिलेले होते, त्यांवर सगुणाबाई बसली, हेडफोन कानी घातले आणि सिदोजींनी हेडफोनाचे बाहेरील पाठीस तळहात लाविला. बापूशेट हसून म्हणाले, "काका, हे कानाला लावतात." सिदोजींनी ओठांवरून ओळखिले आणि म्हणाले, "कान गेले शेट. आता हाताचंच काय ते." बापूशेट वरमले आणि मग मनापासून माल दाखवू लागले. पहिला बिनतारेचा, दिसण्यात देखणा. सिदोजींनी डोळ्यांनी काठी पडताना पाहिली आणि तळहातास ठोका मागाहून आला. म्हणाले, "हा उशिरा पोचतो. यावर शिकलीस तर हात बिघडेल." दुसरा जाळीच्या पाठीचा. त्यावर हात ठेविता एकेक ठोका तळहाती नाचू लागला. कित्येक महिन्यांनी लेक काय वाजविते ते कळले आणि म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. सगुणाबाईने ते पाहिले आणि तोंड समोर करून सावकाश म्हणाली, "आबा, हाच घेऊ. तुम्हाला कळतंय ना?" सिदोजींनी शेटांस विचारिले, "यातून एवढं बाहेर कसं येतं?" शेट म्हणाले, "पाठ उघडी आहे काका. आतलं बाहेर येतं, बाहेरची टपटप आत जाते. मग ती झाकायला पोरं आवाज वाढवत बसतात."

सिदोजींनी हे शेटांचे ओठांवरून वाचिले. कान कसे जातात, हे त्यांस दुसऱ्याने सांगावे ऐसे नव्हते. तो हेडफोन त्यांनी आपले हाते उतरविला आणि बंद पाठीचा, तारेचा, कानांवर घट्ट बसणारा मागितला. सगुणाबाईने तो घातला, परंतु बापास काही पोचेना, म्हणून आवाजाचे बटण फिरवीत गेली, तो तळहाती किंचित कंप आला. म्हणाली, "आबा, एवढा ठेवते. एवढा कळतो तुम्हाला." सिदोजींनी एक हात पाठीवर तसाच ठेविला आणि दुसरे हाते बटण मागे घेऊ लागले. कंप बारीक जाहला, मग नुसता भास राहिला, मग तळहात निवांत जाहला. विचारिले, "आता तुला ऐकू येतंय?"

"येतंय आबा. स्वच्छ येतंय."

"मग हाच. बटण याच्यापुढे न्यायचं नाही."

सगुणाबाई रडू लागली आणि म्हणाली, "मग तुम्हाला काय राहिलं?" सिदोजी म्हणाले, "तुझे कान."

त्या दिवसापासून सगुणाबाई वाजवू लागली म्हणजे सिदोजी जवळ येऊन हेडफोनास तळहात लावीत आणि काहीच लागले नाही म्हणजे "बरोबर" म्हणून हात काढून घेत. येणेप्रमाणे हेडफोन निवडिले. लेकीचे कान राहिले, हात तयार जाहला, पुढे नाव निघाले. त्या हेडफोनात ती काय वाजवीत होती, ते बापास अखेरपर्यंत कळले नाही. लिहिले ते खरे.