गोंदाबाईच्या खुब्याचा सुंदर फोटो

एका जंगलात, बाळांनो, गोंदाबाई नावाची एक अस्वलीण राहत होती. चुळबुळ करू नका, नीट बसा. गोष्ट हाडांची आहे.

गोंदाबाईचा उजवा खुबा पार झिजला होता. खुबा म्हणजे मांडीचं हाड कमरेला जोडतं तो सांधा. ती उठताना अशी कण्हायची की शेजारचं साळिंदर काटे उभारून बाहेर यायचं. पण यंदा मोहाची फुलं पडायला लागली की टेकडीवर जायचंच, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं. गेल्या वर्षी तिचा नवरा केसोबा तिच्यासाठी फुलं आणायला गेला आणि वाटेतच सगळी खाऊन रिकाम्या हाताने आला. वर ढेकरही दिली. गोंदाबाईला ते फार लागलं होतं.

म्हणून ती डॉक्टर पिसाऱ्यांकडे गेली. पिसारे जातीने मोर आणि जंगलातले सर्वांत बडे हाडांचे डॉक्टर. त्यांनी जुना खुबा काढून नवा बसवला. सागाचा दांडा, दांड्यावर नदीतल्या गुळगुळीत गोट्याचा गोळा आणि गोळा फिरायला बेलाच्या कवचाची वाटी.

"आता खुशाल हिंडा," डॉक्टर म्हणाले. "फक्त उकिडवं बसू नका."

आता, अस्वलाला उकिडवं बसू नको म्हणणं म्हणजे तुम्हाला वर्गात बोलू नका म्हणण्यासारखंच. गोंदाबाईने काही दिवस पाळलं. मग तिला एक ताजं वारूळ दिसलं. ती सवयीने खाली बसली, वाकली आणि खुब्यात 'खट्' झालं. पाय आखूड झाला, पंजा आत वळला आणि गोंदाबाई वारुळावरच आडवी झाली. वाळवीने हुश्श केलं.

केसोबाने तिला फरफटत दवाखान्यात आणलं.

"फोटो काढा," डॉक्टर म्हणाले.

हाडांचे फोटो काढायचे घुबडराव. अंधाऱ्या गुहेत पेशंटच्या एका बाजूला काजवे लावायचे, दुसऱ्या बाजूला केळीचं पान धरायचं. पानावर हाडं उमटायची. कशी, ते विचारू नका. मलाही माहीत नाही.

पण या जंगलाची एक रीत सांगायला हवी. पिसारे बडे डॉक्टर झाल्यापासून कुणाकडेही बाजूने किंवा मागून बघणं असभ्य मानलं जाई. सगळं समोरून बघायचं. पिसारा फुलवलेला मोर समोरून कसा दिसतो ते तुम्हाला ठाऊक आहे. एकदा मागे जाऊन बघा, म्हणजे ही रीत कुणी पाडली ते कळेल.

तर फोटो समोरून काढला. गोळा वाटीतून निसटून मागे गेला होता, पण समोरून तो वाटीत बसल्यासारखाच दिसत होता.

"वा! काय खुबा आहे!" डॉक्टर नाचायच्या बेतात आले.

"डॉक्टर, दुखतंय हो," गोंदाबाई कळवळली.

"कुठे?"

"खुब्यात!"

डॉक्टरांनी पान पुन्हा पाहिलं. "फोटोत तर दुखत नाहीये."

"एकदा बाजूनं काढा की."

नर्स खार लाजून भिंतीवर चढली. केसोबाने मान खाली घातली.

"बाई," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही चांगल्या घरच्या दिसता."

गोंदाबाई चिडली. घुबडराव काजवे विझवणार इतक्यात तिने दात-ओठ खाल्ले आणि ती सरळ कुशीवर वळली. दुसऱ्या पानावर बाजूचा फोटो उमटला. त्यात वाटी रिकामी होती आणि गोळा मागे भलतीकडेच जाऊन बसला होता. सगळ्यांना दिसलं. अगदी केसोबालाही दिसलं.

"फोटो खराब आला," डॉक्टर म्हणाले. "पेशंट हलला." आणि ते पान त्यांनी सांबराला खायला घातलं.

आता पंचाईत झाली. फोटो ठणठणीत होता आणि अस्वलीण ओरडत होती. डॉक्टरांनी बराच विचार केला.

"ऑपरेशन उत्तम झालंय," ते केसोबाला म्हणाले. "घरी न्या." आणि त्यांनी पहिलं पान त्याच्या हातात दिलं.

"आणि मी?" गोंदाबाईने विचारलं.

"तुम्ही थांबा. तुमचं काही खरं दिसत नाही."

केसोबाने फोटो वाजतगाजत घरी नेला. माकडांनी ढोल वाजवले. फोटो कण्हत नव्हता, कुशीवर वळत नव्हता, केसोबाला झोपेतून उठवत नव्हता. इतकं सुख त्याला लग्नानंतर प्रथमच लाभलं.

मग मोह फुलला. वास दवाखान्यापर्यंत आला. गोंदाबाईला राहवेना. एक फांदी काखेत धरून ती टेकडीकडे निघाली. पाय सरळ पडत नव्हता, म्हणून ती तिरकी तिरकी चालत होती. वाटेत भेटणारे सगळे सभ्यपणे तोंड फिरवत होते. दुखण्यापेक्षा तिला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

टेकडीवर मोहाच्या बुंध्याला फोटो टेकवून ठेवला होता. त्याच्यापुढे पिवळसर फुलांचा ढीग होता आणि शेजारी केसोबा बसला होता.

"अहो, मी आले," गोंदाबाई धापा टाकत म्हणाली.

"कोण आपण?"

"अहो, तुमची बायको!"

केसोबाने आधी फोटोकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "आमची मंडळी बरी झाली. डॉक्टरांनी स्वतः सांगितलंय. तुम्ही तर लंगडताय. कुणाला तरी दाखवा बरं."

गोंदाबाईला रडू कोसळलं. रडता रडता ती खाली बसली आणि फोटोपुढचं एक फूल उचलायला तिने हात पुढे केला.

केसोबाने तिच्या पंजावर चापट मारली.

"ती पेशंटची आहेत," तो म्हणाला.

तात्पर्य : बाळांनो, बरं व्हायचं असेल तर हलू नका, बोलू नका आणि फक्त समोरून दिसा. फोटोला हे जमतं, म्हणून तो बरा होतो. तुम्हाला जमत नाही, यात डॉक्टरांचा काय दोष?