फिटिंग नको, सैल ठेवा!

उंची बहात्तर, छाती अठ्ठेचाळीस, बाही साठ.

फ्रिजच्या दारावर भंगारवाल्याचा नंबर.

एकाच चाकाची सायकल.

"फिटिंग करायचं ना?"

आता ओळीने सांगायचं तर, शिंपीकाकांच्या मागच्या खोलीत गवत कापायचं यंत्र, शिडी, ती सायकल आणि तीन पायांचं टेबल इतकं दाटीवाटीने नांदत होतं, की काकूंना पोट आत घेऊन शिरावं लागे. काकांचं शिलाई मशीनही तिथेच. शेवटी काकूंनी निर्वाणीचं बजावलं, "रविवारपर्यंत मागच्या अंगणात शेड उभी करा नि हा पसारा हलवा. नाहीतर तुमचं मशीन भंगारात!"

मशीन? भंगारात? ज्यावर चाळीस वर्षं नवरदेव शिवले, ते?

"शेडचं माप मी घेतो!" काका गरजले. "आजवर हलणारी माणसं मापली. शिडी काय, बिचारी श्वाससुद्धा घेत नाही!"

गळ्यातली टेप निघाली. सगळं सामान एकत्र उभं करून मापलं, माप वहीत चढलं, आणि पत्र्याच्या शेड बनवणाऱ्या वेल्डरला फोन गेला.

"बाही म्हणजे काय हो?"

"लांबी!"

"बरं. फिटिंग करायचं ना?"

काका शहारले. फिटिंगच्या शर्टांची किती बटणं उडताना पाहिली होती त्यांनी! "छे छे, फिटिंग अजिबात नको! सैलच ठेवा."

शनिवारी टेम्पो आला आणि अंगणात ढीग ओतून वळला. सुटे पत्रे, सुटे बोल्ट, चौकटीसकट एक दार.

"अहो, ही शेड उभी कोण करणार?" काका मागे धावले.

"तुम्हीच म्हणालात ना, फिटिंग नको, सैल ठेवा!" टेम्पोतून वेल्डर ओरडला.

काकू तडक फ्रिजवरच्या नंबराकडे निघाल्या.

"थांब!" काकांचे डोळे चमकले. "अगं, हे तर कापून आलेलं कापड! नुसतं शिवायचंय!"

त्यांनी सामान अंगणाच्या मधोमध उभं केलं आणि त्याच्या अंगावर पत्रे चढवले. आधी सुतळीचे कच्चे टाके, मग बोल्ट.

"पाठ धर! काखेत ओढतंय!"

"काख कुठली, मेला कोपरा आहे तो!" काकू पत्र्याआडून किंचाळल्या.

रविवारी संध्याकाळी शेवटी दाराची चौकट बसली. कुठे चुणी नाही, कुठे झोळ नाही! कुंपणापलीकडच्या शेजाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. मोकळ्या खोलीत मशीन एकटंच, राजासारखं!

"आता जरा शिडी द्या, माळा झाडते," म्हणत काकूंनी दार ढकललं.

दार हललं नाही. काकांनी खांदा लावला. आतून सायकलची घंटी वाजली, बास. दार आत उघडणारं होतं आणि आत बोटभरही जागा नव्हती.

काकांनी डोळे मिटले.

"राहू द्या," काकू म्हणाल्या. "पसारा दिसत नाही ना? झालं तर!" आणि आत जाऊन त्यांनी भंगारवाल्याचा नंबर टराटरा फाडला.

मंगळवारी मापाचा फोन ठेवता ठेवता वेल्डरने विचारलं होतं, दार आत उघडणारं करू की बाहेर, आणि काका म्हणाले होते, "शिवण नेहमी आतून."