खळ्यातली हरळी

दिवाळी जवळ आली की आमच्या मालवणात घरोघर खळं चोपतात. पावसाने उखडलेलं अंगण सारखं करायचं, बडवून बडवून घट्ट करायचं आणि वर शेणाचा हात फिरवायचा. त्या वर्षी सगळी वाडी खळं चोपत होती आणि आमचे शेजारी तात्या कुदळ घेऊन स्वतःचं खळं खणत होते! गोवा अजून फिरंग्याकडे होता तेव्हाची ही गोष्ट.

माझी जीभ गप्प बसते होय? मधल्या दगडी गडग्यावरून विचारलंच, "तात्यानू, खजिनो गावलो काय?"

"हरळी लावतंय."

घ्या! हरळी उपटता उपटता आमच्या कमरा मोडतात, आणि हा माणूस ती लावणार. बरं, दावणीला म्हैस म्हणावी तर तीही नाही.

तात्या कस्टमच्या नाक्यावरून पेन्शनीत निघालेले. नोकरी सुटली, पण झडती घ्यायची सवय सुटली नाही. शेण आणलं की मूठभर हातात घेऊन हुंगायचे; गाय कोणाची, खाल्लं काय, सगळी चौकशी. शेतं भाजताना लोक भाजावळीत जाळतात तो पातेरा, म्हणजे सुका पालापाचोळा, यांनी पोत्यांनी ओढून आणला. "जाळतास कित्याक? ह्यां मातयेचा जेवण!" चुलीतली राख, नारळाच्या सोडणांचा भुसा, माशांची डोकी, सगळं खड्ड्यात. त्या डोक्यांपायी वाडीतल्या समस्त मांजरांची सभा तात्यांकडे भरू लागली. कोणी नाकाला पदर लावला की तात्या छाती काढून सांगत, "आदी मातयेक जेवूक घाल, मगे तिच्याकडे माग."

हरळीने मूळ धरलं, आणि तात्यांना शहाणपण सुचलं. माशांचं खत चांगलं, तर बांगडे खारवायच्या पिंपातलं पाणी म्हणजे त्याचा अर्कच! घागरी भरभरून ओतलं. कोवळी हरळी पार करपली. मालवणात जन्म काढलेला माणूस, आणि मीठ विसरला! वाडीभर हसं झालं. मीही हसायला गेले, तर तात्या करपलेल्या गवतात बसलेले, डोळे लाल.

"माईक चलूक होयां गो," ते म्हणाले. माई म्हणजे त्यांची बायको. "तिचो पाय लुळो पडलो. वैद्य सांगता, चालवा. चोपलेल्या खळ्यार दोनदा आपटली, आता पायरी उतराक भियाता. हरळेर पडली तर लागाचा नाय."

दुसऱ्या दिवसापासून माझ्या गोठ्यातलं शेणही गडग्यापलीकडे जाऊ लागलं. तात्यांनी विहिरीचं गोडं पाणी घालघालून मीठ खाली जिरवलं, कुजलेलं खत पसरलं आणि हरळीच्या काड्या पुन्हा टोचल्या. शिमग्यापर्यंत माती अशी भुसभुशीत झाली की मूठभर उचलावी तर गांडुळं वळवळत. आणि चैत्रात गावातलं एकूण एक खळं तापलेलं असताना तात्यांचं खळं हिरवंगार! बघायला देवगडाहून पाव्हणे आले. मी त्यांना मिरवून दाखवायची, जशी काय ती हरळी माझीच. का नाही मिरवायची? अख्ख्या मालवणात होती का दुसरी? तात्या मात्र काठी घेऊन उभे: मांजर नको, पोर नको, कोणाचं पाऊल नको.

एके सकाळी त्यांनी माईला हात धरून पडवीतून आणलं. ती पायरीवरच अडली.

"तुमचो जीव आसा ह्येच्यात. तेच्यार पाय कसो ठेवू?"

तात्यांनी हातातली काठी टाकली, आणि कस्टमचा हा कडक माणूस सगळ्या वाडीसमक्ष हरळीवर आडवा झाला. ह्या कुशीवरून त्या कुशीवर लोळला. "बघ, काय जाता काय तेका? ये!"

माई उतरली. भिंत नाही, आधार नाही, एकटी चालली, आणि मधोमध पडली. मी धावणार, तोच बघते तर ती हसतेय! वर्षभरात पहिल्यांदा. तात्यांनी तिला उठवलंच नाही. शेजारी बसकण मारली आणि विचारलं, "लागला?"

"नाय ओ," माई म्हणाली. "परत पडू?"